नव्या हाउस डायरेक्टर येत आहेत आणि घर रुसले आहे

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका वीस वर्षांची आहे. दहाव्या वर्षी ती आईवडिलांबरोबर नाशिकहून अमेरिकेत गेली आणि आता तिथल्या मध्य-पश्चिम भागातील एका मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाईल. ती एका सोरॉरिटीची, म्हणजे विद्यार्थिनींच्या भगिनीमंडळाची, सभासद आहे. मंडळाच्या घरात साठ मुली राहतात आणि येत्या वर्षासाठी त्यांनी तिला ‘हाउस मॅनेजर’, म्हणजे मुलींच्या वतीने घराची कामे पाहणारी, म्हणून निवडून दिले आहे. चौदा वर्षे या घराची व्यवस्था पाहणाऱ्या हाउस डायरेक्टर, ज्यांना सगळ्या मुली ‘मॉम’ म्हणत, मे महिन्यात निवृत्त झाल्या. नव्या बाई ऑगस्टच्या आरंभी येतील. त्यांनी आधीच ईमेल पाठवून चाव्यांची यादी, मुलींच्या खाण्यातील पथ्ये आणि घराचे नियम मागवले आहेत, आणि रात्री अकरानंतर बाजूचे दार उघडे ठेवण्याच्या प्रथेचा फेरविचार करावा लागेल असेही लिहिले आहे. त्यावरून मुलींच्या ग्रुपवर गदारोळ झाला. चॅप्टरची, म्हणजे मंडळाच्या या विद्यापीठातील शाखेची, अध्यक्ष म्हणते, भेटवस्तूंची एक टोपली देऊन विषय संपवावा. काही मुलींना ‘मॉम’ची पाटी दारावर तशीच ठेवायची आहे. पत्रलेखिकेची आई म्हणते, पगारी बाईचे एवढे स्वागत कशाला? पत्रलेखिका विचारते, की जुन्या मॉमशी बेइमानी न करता नव्या बाईंचे स्वागत कसे करावे, आणि साठीकडे झुकलेल्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारणे जिभेवर येत नाही, त्याचे काय करावे?

प्रिय हाउस मॅनेजर,

दारावरच्या पाटीची गोष्ट वाचली आणि मला पुण्यातले एक वसतिगृह आठवले. १९८३ साली मी तिथे दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या रेक्टरबाई त्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्या होत्या आणि जूनमध्ये नव्या बाई आल्या, एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि एक शिलाई मशीन घेऊन. पहिल्या रात्री त्या ताट घेऊन मेसमध्ये आल्या. लांब बाकांवर आम्ही मुली बसलो होतो आणि मध्ये मध्ये जागा रिकाम्या होत्या. त्या एका जागेपाशी थांबल्या, तेव्हा तिथली मुलगी म्हणाली, “इथं कुणीतरी येतंय.” दुसऱ्या बाकावरही तेच उत्तर मिळाले. मग त्या काही न बोलता आत गेल्या आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशींच्या शेजारी ओट्याला टेकून उभ्याने जेवल्या. माझ्या शेजारची जागाही रिकामी होती. मी ताटात बघत राहिले. आम्हाला वाटत होते की आम्ही जुन्या बाईंवरचे प्रेम दाखवतो आहोत. नव्या बाई डिसेंबरमध्ये नोकरी सोडून गेल्या. का गेल्या हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

पुढे अमेरिकेत गेल्यावर मी बरीच वर्षे एका विद्यापीठाच्या निवास विभागात काम केले आणि सोरॉरिटींच्या घरांशी माझा रोजचा संबंध आला. कितीतरी घरांत मी हाच प्रसंग नव्या वेशात पाहिला. म्हणून तुझ्या पत्राचे उत्तर जरा सविस्तर देते.

तू ‘बेइमानी’ हा शब्द वापरला आहेस. त्या शब्दामागे असे गृहीत आहे की घरात एकाच बाईंची जागा आहे आणि ती दुसऱ्या कोणाला दिली की पहिलीची काढून घेतली जाते. पण तुमच्या मॉमने चौदा वर्षांत तुमच्याआधी कितीतरी तुकड्यांना निरोप दिला असेल. दर मे महिन्यात मुली गेल्या आणि दर ऑगस्टमध्ये अनोळखी मुली आल्या. तू स्वतः त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलेस, तेव्हा तुझ्या खोलीत आदल्या वर्षी राहून गेलेली कोणी त्यांची लाडकी असेलच. तिच्या आठवणीपायी त्यांनी तुला परके ठेवले का? मला वाटते, त्या मुलीही पाटीचा हट्ट धरताना हा विचार करत नसाव्यात. त्यांना दुःख झाले आहे आणि ते कुठे ठेवावे हे कळत नाही, म्हणून ते त्या दारावर लटकले आहे.

तेव्हा आधी निरोप पुरा करा. मॉम मे महिन्यात, परीक्षांच्या धांदलीत गेल्या असे तू लिहितेस. म्हणजे तो निरोप घाईघाईत उरकला असणार. जुलैमध्ये एखादा रविवार ठरवून, ज्या मुली येऊ शकतील त्यांनी मॉमच्या घरी जावे, ती पाटी त्यांना स्वतः नेऊन द्यावी, आणि चौदा वर्षांतल्या माजी मुलींकडून दोन-दोन ओळी मागवून त्यांची वही करून द्यावी. दिवाणखान्यात त्यांचा फोटो लावायचा असेल तर अवश्य लावा, कारण दिवाणखाना सगळ्यांचा आहे. पण ज्या दाराआड नव्या बाई झोपणार, कपडे बदलणार, आजारी पडणार, त्या दारावर दुसऱ्या बाईंचे नाव राहता कामा नये. या एका गोष्टीत मी तुला मध्यममार्ग सुचवणार नाही.

आता ‘आमचे घर’ या शब्दांविषयी. तुझ्या पत्रात ते पाच वेळा आले आहेत आणि त्यातला अभिमान मला समजतो. ‘सोरॉरिटी’ हा शब्द १८८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठातल्या एका लॅटिनच्या प्राध्यापकांनी सुचवला, आणि त्याच गावात १८८६ मध्ये अल्फा फी या मंडळाच्या मुलींनी स्वतःसाठी घर बांधले. ज्या काळात स्त्रीच्या नावावर घर असणे ही सहज गोष्ट नव्हती, त्या काळात विद्यार्थिनींनी घर उभारले, याचा आजच्या मुलींनी गर्व बाळगावा असेच ते काम आहे. तरीही अशा अनेक घरांचा कारभार माजी सभासदांच्या मंडळाकडे, ज्याला हाउस कॉर्पोरेशन म्हणतात, सोपवलेला असतो. विमा, दुरुस्ती, स्वयंपाकघर आणि नोकरवर्ग ते पाहते, आणि हाउस डायरेक्टरची नेमणूकही तेच करते. तू आणि चॅप्टरची अध्यक्ष मुलींनी निवडून दिलेल्या आहात. नव्या बाई कॉर्पोरेशनने नेमलेल्या आहेत. त्या तुमच्या हाताखालच्या नाहीत आणि तुम्ही त्यांच्या हाताखालच्या नाहीत. ही रेघ आरंभीच स्पष्ट झाली नाही, तर पहिल्या महिन्यातच कोणीतरी दुखावते. हाउस कॉर्पोरेशनकडून एका पानावर लिहून मागून घे, की कोणता निर्णय कोणाचा: जेवणाचा मेनू, पाहुण्यांच्या वेळा, दुरुस्तीचा खर्च, खोल्यांची वाटणी, दारांची कुलपे. असे पान नसेल तर तू मागितल्यामुळे ते तयार होईल आणि तुझ्यामागून येणाऱ्या हाउस मॅनेजरलाही त्याचा उपयोग होईल.

‘मॉम’ या हाकेलाही एक इतिहास आहे. पूर्वी या बाईंना हाउस मदर म्हणत, आणि विद्यापीठ हे पालकांच्या जागी आहे या तत्त्वावर त्यांचे काम चाले. मुलींची रात्री परतण्याची वेळ, बाहेर जाताना वहीत करायची सही, भेटीला येणाऱ्या मुलांवरची नजर, हे सगळे त्यांच्याकडे असे. १९६० मध्ये अलाबामातील माँटगोमेरी येथे वंशभेदाविरुद्ध उपाहारगृहात ठिय्या देणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्यांच्या सरकारी महाविद्यालयाने कोणतीही सुनावणी न देता काढून टाकले. १९६१ मध्ये त्यावरच्या डिक्सन खटल्यात अपील न्यायालयाने ते बेकायदा ठरवले, आणि विद्यापीठाने पालकाच्या थाटात वागण्याच्या त्या तत्त्वाला तिथून तडे गेले. पुढच्या काही वर्षांत मुलींच्या परतीच्या वेळा आणि सह्यांच्या वह्या बहुतेक ठिकाणी बंद झाल्या. आजची हाउस डायरेक्टर तुमची पालक नाही. इमारत, स्वयंपाकघर, नोकरवर्ग आणि सुरक्षितता पाहणारी ती व्यवस्थापक आहे. तुमच्या जुन्या बाईंना मुली ‘मॉम’ म्हणू लागल्या, तो त्या बाईंच्या स्वभावाचा आणि चौदा वर्षांच्या सहवासाचा भाग होता. नेमणुकीच्या पत्रात ते नाते लिहिलेले नव्हते. नव्या बाईंकडून त्याची अपेक्षा पहिल्या आठवड्यात करणे जसे अन्यायाचे, तसेच ‘तुम्ही आमच्या मॉम कधीच होणार नाही’ असे त्यांना सुचवणेही अन्यायाचे. त्यांना कदाचित ते नाते नकोही असेल.

म्हणून हाकेच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: त्यांनाच विचार. तिकडे पहिल्या नावाने हाक मारण्यात अनादर नसतो. दक्षिणेकडच्या काही राज्यांत नावाआधी ‘मिस’ लावण्याची रीत आहे, आणि काही बाई आडनावाने बोलावलेले पसंत करतात. त्या जे सांगतील ते वापर, जिभेला चार दिवस जड गेले तरी. आपल्याकडे वयाचा मान हाकेत ठेवतात. तिथे तो वेळ पाळण्यात, दार वाजवून आत जाण्यात आणि त्यांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांना न छेडण्यात ठेवता येतो. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि न्यू जर्सीत कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. त्या बाईंना त्यांनी मावशी मानले, पण प्रत्यक्ष भेटीआधी त्या दोघींचा पत्रव्यवहार कितीतरी दिवस चालला होता. ते नाते पत्रापत्राने जुळले. तुला मनातून त्यांना ‘काकू’ म्हणावेसे वाटले तर मनात म्हण, कोणी अडवणार नाही.

आता तो ईमेल. मी तो तुझ्या शब्दांतून वाचला आहे, तरी मला त्यात आगाऊपणा दिसला नाही. चाव्या, पथ्ये आणि नियम या तीन गोष्टी मागणारी बाई आपले काम जाणते. साठ मुलींच्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला आहे हे पहिल्या दिवसाआधी माहीत असणे, हा जिवाचा प्रश्न असतो. बाजूच्या दाराबाबत मुलींनी ‘फेरविचार’ हा शब्द वाचला आणि ‘बंदी’ असा अर्थ लावला. ग्रुपवर त्याची चर्चा करण्याऐवजी तू त्यांना एक फोन करायला हवा होतास, असे मी मोकळेपणाने सांगते. अजूनही कर. वाचनालयातून उशिरा परतणाऱ्या मुलींना ते दार जवळ पडते आणि पुढच्या बाजूच्या रस्त्यावर अंधार असतो, हे कारण तू मला लिहिलेस, त्यांना मात्र कळवले नाहीस. त्यांना कारण कळले तर कदाचित त्या कार्डाने उघडणाऱ्या कुलपाची मागणी कॉर्पोरेशनकडे करतील. रात्रभर उघडे राहणारे दार साठ मुलींच्या घराला धोक्याचे असते, हेही तू मुलींना सांगायला हवेस, कारण ते खरे आहे.

स्वागताची तयारी चाव्यांच्या कपाटापासून कर. तू लिहितेस की मॉमना सगळ्या चाव्या ‘हाताला’ माहीत होत्या आणि कपाटातल्या हुकांवर एकही चिठ्ठी नाही. एक दुपार काढ, एका मैत्रिणीला बरोबर घे, प्रत्येक चावी प्रत्येक कुलपात घालून पाहा आणि तिला चिठ्ठी बांध. मग एका साध्या वहीत लिही: तळघरातला कोणता ड्रायर चालू केला की फ्यूज उडतो, दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराचे पाणी कुठून बंद होते, कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते, आगीच्या सूचनेचे यंत्र दुरुस्त करायला कोण येते, मागचा अग्निसराव कधी झाला. अशी वही ज्या बाईंच्या टेबलावर पहिल्या दिवशी असते, त्या रात्री निवांत झोपतात. फुलांचा गुच्छ आणि टोपली द्यायला माझी हरकत नाही, फक्त वही आधी.

त्या वहीत मुलींविषयी मात्र काही लिहू नकोस. ‘ही भांडखोर’, ‘हिच्यावर लक्ष ठेवा’ अशी माहिती मदत म्हणून दिली जाते आणि ती वर्षभर त्या मुलीचा पिच्छा पुरवते. कोणाचे आजारपण किंवा औषधे सांगायची असतील, तर ते त्या मुलीने स्वतः सांगावे.

त्यांची राहायची जागाही नीट पाहून घे. चौदा वर्षे एकच व्यक्ती राहिली की त्या दोन खोल्यांचे दोष कोणाच्या लक्षात येत नाहीत. भिंती रंगवून हव्यात का, कुलूप बदलले का, नळाला गरम पाणी येते का, इंटरनेट चालते का, हे कॉर्पोरेशनला जुलैतच विचार. बाईंबरोबर कुत्रा किंवा मांजर येणार असेल तर मुलींना आधी सांग, कारण कोणाला त्याचाही त्रास असू शकतो.

तुमच्या घरातली स्वयंपाकी आणि सफाईचे काम करणारी माणसे यांचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही. बदलाचा सर्वांत मोठा परिणाम त्यांच्यावर होतो, कारण मुलींना शेजारीण बदलून मिळते आणि त्यांना वरिष्ठ. स्वयंपाकीणबाई नऊ-दहा वर्षांपासून असतील, तर सुट्टी, खरेदी, उरलेले अन्न यांविषयी मॉमशी त्यांचे काही अलिखित ठरलेले असेल. नव्या बाईंनी ते नकळत मोडले की स्वयंपाकघरात कुरबुर सुरू होईल, आणि ती मुलींच्या कानावर येईल. त्या वेळी तू मध्यस्थ होऊ नकोस आणि एका बाजूने बोलूही नकोस. “तुम्ही दोघी बसून बोला, मी जेवणाची वेळ अर्धा तास पुढे ढकलते,” एवढेच कर. बाईंची ओळख करून देताना मात्र मुलींच्या आधी या माणसांशी करून दे.

ओळखीचा कार्यक्रम एकदम साठ मुलींसमोर उभे करून करू नकोस. त्यात त्यांना एकही नाव लक्षात राहत नाही आणि मुली बाईंना परीक्षा घेतल्यासारख्या पाहतात. ऑगस्टमधल्या रिक्रूटमेंटच्या, म्हणजे नव्या सभासद निवडण्याच्या, तयारीच्या आठवड्यात सगळ्यांची झोप उडालेली असते, म्हणून तो आठवडा टाळून त्याआधी किंवा नंतर आठ-आठ मुलींनी संध्याकाळी त्यांच्याबरोबर चहाला बसावे. गळ्यात नावाची चिठ्ठी असली तर बरे. प्रत्येकीने आपल्याविषयी एक गोष्ट सांगावी आणि बाईंना एक प्रश्न विचारावा, पण त्यात जुन्या मॉमचे नाव नसावे. ‘मॉम असे करायच्या’ हे वाक्य पहिले सहा आठवडे घरात कोणी उच्चारणार नाही, असा ठराव तू चॅप्टरच्या बैठकीत मांडलास तर मला आनंद होईल. माहिती सांगायची असेल तर ‘आतापर्यंत असे होत आले आहे’ म्हणता येते, आणि त्यात तुलना येत नाही.

मुलींनी मॉमना फोन करावा, वाढदिवसाला जावे. घराच्या तक्रारी मात्र त्यांच्याकडे नेऊ नयेत, कारण त्या ऐकणे त्यांनाही जड जाईल. उलट तू त्यांना विनंती कर, की नव्या बाईंबरोबर दोन तास घरात फिरून त्यांना घर दाखवावे. त्या आल्या, तर मुली जे पाहतील त्याने तुझे अर्धे काम होईल.

तुझ्या आईच्या म्हणण्याचा मला राग आला नाही. आपण बहुतेकजणी ज्या घरांत वाढलो, तिथे पगार दिला की देणे फिटले असे मानत. पण त्यांना सांग, की या बाई संध्याकाळी सहाला आपल्या घरी जात नाहीत. स्वतःचे घर बंद करून किंवा सोडून त्या दोन खोल्यांत येतात, अनेक ठिकाणी हा करार शैक्षणिक वर्षापुरताच असतो, आणि रात्री दोनला पाण्याचा नळ फुटला की त्याच उठतात. पगार त्या कामाचा असतो. साठ जणींच्या घरात एकटीने जेवायला लागण्याचा पगार कोणी देत नाही. हे मी महाराष्ट्रातल्या वसतिगृहांत राहणाऱ्या वाचक मुलींनाही सांगते. जूनमध्ये नव्या रेक्टरबाई आल्या की त्यांच्या खोलीत पंखा चालतो का, हे एकदा तरी विचारा.

हे सगळे करूनही त्या बाई चांगल्या निघतील याची हमी नाही. दर आठवड्याला एक ठरलेला अर्धा तास त्यांच्याबरोबर बसत जा, आणि मुलींच्या अडचणी तिथे, नावे न घेता, मांड. सहा आठवड्यांनंतरही त्या मुलींच्या खोल्यांत न विचारता शिरत असतील, कोणाच्या रंगावरून, धर्मावरून किंवा खाण्यावरून बोलत असतील, तर तारखा लिहून चॅप्टरच्या सल्लागारांकडे आणि हाउस कॉर्पोरेशनकडे लेखी तक्रार कर. मान ठेवायचा म्हणजे असे वागणे सोसायचे नसते. मात्र मेनू बदलला, दिवाणखान्यातले कोच हलवले, रविवारच्या बिस्किटांऐवजी फळे आली, या गोष्टींची तक्रार करू नकोस. त्यांना त्यांच्या पद्धतीने घर चालवू दे.

ऑगस्टला अजून वेळ आहे. आज त्यांना उत्तर लिहिताना पथ्यांच्या यादीबरोबर दोन प्रश्न जोड: तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल, आणि तुम्ही स्वतः काय खात नाही? पहिल्या रात्री जेवण किती वाजता आहे आणि त्यांच्या शेजारी कोण बसणार, हेही आताच ठरव. एका बाजूला तू बस. दुसऱ्या बाजूला, पाटीसाठी सर्वांत जास्त भांडलेली मुलगी असेल तर पाहा.